चुकीच्या ऋतूतला पाऊस: फिनिशियन ज्युनिपर कोकणात लावावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक जोडपं इटलीतल्या सार्डिनिया बेटावर फिरायला गेलं. तिथे पिशीनासच्या वाळूच्या टेकड्यांवर समुद्राच्या अगदी तोंडाशी वाकडीतिकडी, जुनाट दिसणारी झाडं पाहिली. गाईडने ‘ज्युनिपर’ म्हणून सांगितलं. येताना झाडाखाली पडलेली तपकिरी फळं मूठभर खिशात घातली. रत्नागिरीजवळ समुद्रापासून हाकेच्या अंतरावर त्यांची जागा आहे, वाळूमिश्रित जमीन. विचारतात: ज्युनिपर हिमालयातलं थंड प्रदेशातलं झाड ना, मग तिथे वाळूत कसं? आणि तिथेही समुद्र, इथेही समुद्र, ऊन तर आपल्याकडे जास्तच, तेव्हा आमच्या जागेत येईल ना?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: नाही येणार. स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर मी १२ वर्षं रोपवाटिकेत आणि वाळूवरच्या लागवडीत याच झाडाबरोबर काढली आहेत. आता पुण्यात बोन्सायवाल्यांचे ज्युनिपर पावसाळ्यात मरताना बघते आणि जमलं तर वाचवते. म्हणून ‘नाही’ म्हणताना हात आखडत नाही. पण नुसत्या ‘नाही’ने तुमचं समाधान होणार नाही, आणि त्या ‘नाही’मागचं कारण झाडापेक्षाही सुंदर आहे.

आधी तुमच्या खिशात नेमकं काय आहे ते बघू. पिशीनासला दोन ज्युनिपर शेजारी शेजारी वाढतात. एकाची पानं सुईसारखी, टोचणारी, वरच्या बाजूला दोन पांढरे पट्टे असलेली. त्याची फळं मोठी, जवळजवळ करवंदाएवढी. तो मॅक्रोकार्पा, लाटांच्या सगळ्यात जवळ तोच असतो. दुसऱ्याची पानं म्हणजे एक-दोन मिलिमीटरचे खवले, फांदीला दोरीसारखे गुंडाळलेले. आपल्या अंगणातल्या मोरपंखीची फांदी डोळ्यांसमोर आणा, फक्त ती चपटी न ठेवता गोल करा. दोन्ही झाडं एकाच सायप्रस कुळातली, म्हणून हे साम्य. या दुसऱ्याची फळं वाटाण्याहून थोडी मोठी, पिकल्यावर विटकरी-तपकिरी होतात. तुम्ही लिहिलेल्या रंगावरून आणि आकारावरून तुमच्याकडे हाच असणार: फिनिशियन ज्युनिपर.

नाव स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये दिलं, ज्युनिपेरस फिनिशिया. त्यात फिनिशिया देश ऐकू येतो तसा लॅटिनमधला किरमिजी रंगही, आणि पिकलेलं फळ हातात घेतलं की रंगवाला अर्थ पटतो. नंतरच्या अभ्यासकांनी यातून किनाऱ्यावरचा प्रकार वेगळा काढला, त्याला टर्बिनाटा म्हणतात, म्हणजे भोवऱ्यासारखा, कारण त्याचं फळ बुडाशी किंचित निमुळतं असतं. आतल्या डोंगरांतला तो फिनिशिया, किनाऱ्यावरचा तो टर्बिनाटा. काही जण अजून दोघांना एकच मानतात. मी वेगळे मानणाऱ्यांतली आहे, आणि त्याचं कारण पुढे येईलच, कारण तुमच्या प्रश्नाची किल्लीही तिथेच आहे. स्पेनमध्ये मात्र कामावरची माणसं दोन्हींना ‘साबिना’च म्हणत. अरबी बोलणारे मोरोक्कन सहकारी ‘अरार’ म्हणत, आणि कधी कधी त्याच नावाने दुसरंच एक झाड दाखवत.

हिमालयाबद्दल म्हणाल तर, जगात ज्युनिपरच्या ६० ते ७० जाती आहेत. आपल्याला लडाखचा शुक्पा माहीत असतो, गोम्पांत ज्याचा धूप करतात तो. त्यामुळे ज्युनिपर म्हटलं की बर्फ आठवतो. पण हा गट थंडीसाठी घडलेला आहे असं म्हणण्यापेक्षा तहानेसाठी घडलेला आहे असं म्हणणं जास्त बरोबर. उंचावरची गोठलेली जमीन आणि किनाऱ्यावरची तापलेली वाळू यांत झाडाच्या दृष्टीने एक गोष्ट समान असते: मुळाशी पाणी मिळत नाही. टर्बिनाटा पोर्तुगालपासून मोरोक्को, स्पेन, इटली, लिबिया असं करत भूमध्य समुद्राभोवती पसरलेला आहे. उत्तर सिनाईच्या वाळवंटातल्या जेबेल हलालसारख्या डोंगरांवरही फिनिशियन ज्युनिपरची झाडं आहेत.

आता तहान तो कशी सोसतो ते सांगते. झाडात पाणी वर चढतं ते ढकलून नव्हे, ओढून. पानातून वाफ निघते आणि मुळापर्यंतचा पाण्याचा ताणलेला धागा वर सरकतो. जमीन कोरडी पडत गेली की ताण वाढतो, आणि एका टप्प्याला नळीत हवा शिरून धागा तुटतो. बहुतेक झाडं त्याआधीच पानांची दारं लावून घेतात आणि उपाशी बसतात. ज्युनिपरच्या नळ्या बारीक आणि जाड भिंतींच्या, त्यात हवा सहजासहजी शिरत नाही. म्हणून तो इतरांनी दुकान बंद केल्यावरही काही काळ अर्धं शटर उघडं ठेवून बसतो. आणि तुटायची वेळ आलीच तर सगळं झाड एकदम जात नाही. एक मूळ, त्याच्या वरची खोडाची पट्टी आणि त्या पट्टीवरची फांदी, एवढाच भाग सुकतो. उरलेलं झाड हिरवं राहतं. तुम्हाला जे जुनाट, पिळवटलेलं, एका बाजूने पांढरं हाडकासारखं खोड दिसलं ते हेच. बोन्सायवाले चाकूने सोलून जे ‘शारी’ करतात ते तिथे उन्हाळ्यांनी केलेलं असतं.

याच हिशेबाने तो प्रचंड जगतो. फ्रान्समध्ये व्हेर्दों आणि आर्देश नद्यांच्या घळींत उभ्या कड्यांवर फिनिशियाची झाडं आहेत, त्यांतल्या काहींचं वय हजार वर्षांच्या वर मोजलं गेलं आहे. जाडी बघाल तर हसाल. कड्याच्या फटीत वर्षाची वाढ मिलिमीटरच्या काही हिश्शांत असते.

पण तुमच्या डोक्यात ‘कणखर झाड आहे, कुठेही तगेल’ असं बसत असेल तर तिथेच थांबा. कणखरपणा एका विशिष्ट संकटापुरता असतो.

सार्डिनियाच्या त्या पश्चिम किनाऱ्यावर वर्षाला साधारण ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. मी जिथे काम केलं त्या अल्मेरियाच्या किनाऱ्यावर तर २०० ते ३००. तिथे पुंता एंतीनास-साबिनार नावाचा संरक्षित पट्टा आहे, नावातच साबिना आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला क्षितिजापर्यंत भाजीपाल्याची प्लास्टिकची हरितगृहं, आणि मध्ये ही झाडं. पण मिलिमीटरचा आकडा फसवा आहे. महत्त्वाचं आहे ते वेळापत्रक. तिथे पाऊस ऑक्टोबर ते एप्रिलमध्ये पडतो, म्हणजे थंडीत. जून, जुलै, ऑगस्ट जवळजवळ ठणठणीत कोरडे. ओल आणि उष्णता तिथे क्वचितच एकत्र येतात. जमीन ओली असते तेव्हा गार असते, तापते तेव्हा कोरडी असते. त्या झाडाची सगळी दिनचर्या याच नियमावर बेतलेली आहे. शरदातला पहिला पाऊस आला की जागं व्हायचं, वसंतात वाढून घ्यायचं, उन्हाळाभर श्वास रोखून बसायचं.

टर्बिनाटाला वेगळा का मानते ते आता सांगता येईल. आतल्या डोंगरांतला फिनिशिया परागकण सोडतो हिवाळा सरताना, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. किनाऱ्यावरचा टर्बिनाटा सोडतो शरदात, ऑक्टोबर-नोव्हेंबरकडे. दोन भाऊ, पण घड्याळं वेगळी, त्यामुळे सोयरीक जुळणं कठीण. अमेरिकेतले ज्युनिपरचे अभ्यासक रॉबर्ट अॅडम्स यांनी डीएनएवरून हे दोन वेगळे ठरवले. मला मात्र ते पटलं ते नोव्हेंबरातल्या एका सकाळी वाळूवर उभं राहून फांदी हलवली आणि बाहीवर पिवळी पूड पडली तेव्हा.

आता रत्नागिरी. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. एकट्या जुलैत सार्डिनियाच्या वर्षभरापेक्षा जास्त. आणि तोही नेमका त्या महिन्यांत, ज्यांत हे झाड मुळं गुंडाळून झोपलेलं असतं. गरम जमीन, भरपूर ओल, रात्रीही न उतरणारी उष्णता. मुळं कुजवणाऱ्या फायटोफ्थोरासारख्या रोगांना याहून चांगलं निमंत्रण नाही. तुम्ही म्हणाल, आमची जमीन वाळूची, पाणी निथळून जाईल. चार दिवसांच्या पावसाचं जाईल. चार महिन्यांच्या पावसात तुमच्या जागेखालचं गोडं पाणी वर येऊन हातभरावर थांबतं. विहिरीत डोकावून बघा, ऑगस्टमध्ये.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. स्पेनमधल्या माझ्या दुसऱ्याच वर्षी मी रोपांचा एक आख्खा वाफा घालवला. जुलै होता, तापमान ३८ च्या पुढे, रोपं मलूल वाटली. मी कोकणातल्या आजोळी वाढलेली, झाड मलूल दिसलं की हात पाण्याकडेच जातो. रोज संध्याकाळी पाणी दिलं. आठवडाभर रोपं टवटवीत दिसली, आणि तिसऱ्या आठवड्यात बुडापासून तपकिरी होत गेली. फोरमन, सत्तरीकडे झुकलेला गृहस्थ, एक रोप उपटून मुळं बोटांत चुरगळून मला दाखवून गेला. काही बोलला नाही. मुळांची साल मोज्यासारखी निघून हातात आली होती.

त्यानंतर शिकले ते असं: लागवड पहिल्या शरद-पावसानंतर लगेच, म्हणजे रोपाला मुळं खाली सोडायला पूर्ण हिवाळा मिळतो. कुंडी उथळ नको, खोल आणि अरुंद. रोपवाटिकेत खतपाणी देऊन रोप गुबगुबीत करायचं नाही, वर पसारा मोठा आणि खाली मूळ छोटं असलेलं रोप पहिल्याच उन्हाळ्यात जातं. आणि शक्यतो उघड्यावर लावायचं नाही, एखाद्या जुन्या झुडपाच्या उत्तरेला, सावलीत लावायचं. निसर्गात त्याची पिल्लं अशीच दुसऱ्याच्या पदराआड वाढतात.

बियांचंही सांगते, कारण मूठभर फळांतून मूठभर झाडं होतील असं तुम्हाला वाटत असणार. फळ पिकायला सुमारे दीड वर्ष लागतं. आत तीन ते आठ बिया, दगडासारख्या. त्यांतल्या कितीतरी पोकळ निघतात, काहींत बारीक कीटक शिरून गर खाऊन गेलेले असतात. आम्ही पाण्यात टाकून तरंगणाऱ्या काढून टाकायचो, तेव्हा बादलीच्या वरचा थर बघून नवी मुलं हवालदिल व्हायची. उरलेल्यांना आधी उबेत, मग थंडीत ओल्या वाळूत ठेवायचं, आणि तरी बऱ्याच बिया दुसऱ्या वर्षी डोकं वर काढायच्या. शंभरातल्या वीस-पंचवीस उगवल्या तर आम्ही पार्टी करायचो.

जंगलात हे काम जनावरं करतात. स्पेनच्या दोन्याना राष्ट्रीय उद्यानात कोल्हे आणि बिज्जू फळं खातात, थ्रश पक्षी खातात. कॅनरी बेटांतल्या एल इएरोवर डोमकावळा खातो. त्या बेटावरचे लोक म्हणतात की कावळ्याच्या पोटातून गेल्याशिवाय साबिना उगवत नाही. शब्दशः तसं नसलं तरी कावळा बिया दूरवर नेऊन टाकतो हे खरं. पिंडाला कावळा शिवला की आपल्याला हायसं वाटतं, तिथे जंगल त्याच्या भरवशावर चालतं.

एल इएरोचा विषय निघालाच आहे तर. साबिना हे त्या बेटाचं अधिकृत मानचिन्ह आहे. बेटाच्या पश्चिम टोकाला एल साबिनार नावाची जागा आहे, तिथली झाडं व्यापारी वाऱ्यांनी इतकी वाकवली आहेत की शेंडा पुन्हा जमिनीला टेकतो. नहाणीघरात केस पुढे सोडून धुवायला वाकलेल्या बाईसारखी दिसतात. वारा फक्त वाकवतो असं नाही. वाऱ्याकडच्या बाजूचे कोंब तो सुकवून मारतो, किनाऱ्यावर खारे तुषार त्यात भर घालतात, आणि आडोशाच्या बाजूचे कोंबच तेवढे वाढत राहतात. पिशीनासला तुम्ही पाहिलेला आकार याच रीतीने झालेला, फक्त जरा सौम्य हाताने.

सार्डिनियात या लाकडाला फार मान. राळ भरलेलं, घट्ट, कुजत नाही. डोंगरातल्या धनगरांच्या जुन्या झोपड्या बघितल्यात का? खाली दगडाची गोल भिंत, वर ज्युनिपरच्या खोडांचा शंकू. काही अजून उभ्या आहेत.

तिथल्या किनाऱ्यावर या झाडांचं सुखात चाललं आहे असंही समजू नका. ज्युनिपर असलेल्या किनारी वाळूच्या टेकड्या हा अधिवास युरोपीय संघाच्या १९९२ च्या अधिवास निर्देशात प्राधान्याच्या यादीत आहे, आणि अशा यादीत सुखी माणसं जात नाहीत. हॉटेलं, वाळूवरून जाणाऱ्या पायवाटा, वणवे. फिनिशियन ज्युनिपर जळाला की बुंध्यातून पुन्हा फुटत नाही, संपतो. वाळू धरायला म्हणून लावलेले पाइन हे आणखी एक दुखणं, ते उंच वाढून याचं ऊन खातात. आपल्या कोकणात सुरूची बनं लावली तोच विचार. सावली मिळाली, सहली आल्या, पण सुरूच्या सुयांच्या गादीखाली दुसरं फार काही उगवत नाही, हे तुम्हीही पाहिलं असेल. आणि दुष्काळाचं बोलायचं तर, दोन्यानामध्ये २००४-०५ च्या भयंकर कोरड्या वर्षानंतर वाळूवरचे टर्बिनाटा मोठ्या प्रमाणात वाळले. तहानेसाठी घडलेलं झाडसुद्धा ठरलेल्या वेळी ठरलेला पाऊस आला नाही की जातं. लिबियाच्या जेबेल अख्दर डोंगरांमध्येही, जिथे हेच मुख्य झाड, ती वाळत असल्याच्या नोंदी आहेत.

आता तुमच्या हातातल्या फळांचं काय करायचं.

पेरू नका, एवढं तर झालंच. पण नुसतं उगवणार नाही म्हणून नव्हे. परदेशातून पेरणीसाठी बी आणायला भारतात २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाप्रमाणे आयात परवाना लागतो आणि त्या देशाचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. हा कागदी खेळ नाही. मघाशी म्हटलं ना, बियांत कीटक असतात. सार्डिनियातून तर वाळू आणि शिंपले नेण्यावरही बंदी आहे, २०१७ च्या प्रादेशिक कायद्याने ५०० ते ३००० युरो दंड आहे. फळांवर कुणी अडवलं नाही हे तुमचं नशीब.

खाऊ नका, काढा करू नका. जिनला चव देणारा ज्युनिपर वेगळा, तो कॉम्युनिस. आयुर्वेदात हपुषा म्हणून येतं आणि काष्ठौषधीच्या दुकानात हाऊबेर म्हणून मिळतं, तेही त्याच जातीचं समजतात. फिनिशियन ज्युनिपर त्यांच्या जागी चालत नाही. दिसायला फळ फळासारखं, म्हणून घोटाळा होतो.

ज्युनिपर हवाच असेल तर पुण्या-नाशकाच्या रोपवाटिकांत चिनी ज्युनिपरचे प्रकार मिळतात, इथेच वाढवलेले. तो मूळ पूर्व आशियातला, उन्हाळी पावसाची त्याला सवय आहे, म्हणून घाटावर कुंडीत निभावतो. मातीत भरड विटकर-खडी निम्म्याहून जास्त घाला, जून ते सप्टेंबर छताखाली पण वाऱ्यात ठेवा, आणि वरचा थर बोटाला कोरडा लागेपर्यंत पाणी नको. रत्नागिरीत तोही मी कुंडीबाहेर लावणार नाही.

आणि खरंच तुम्हाला तो आकारच हवा असेल, वाऱ्याने कोरलेला, तर तुमच्या जागेवरून वर सड्यावर चढा. कातळावरची करवंदीची जाळी बघा, पश्चिमेकडून चपटी दाबलेली, कैक वर्षांची आणि गुडघ्याएवढीच. तिचं बी खाली आणून वाऱ्याच्या तोंडावर लावा. लाटांकडच्या बाजूला मर्यादवेल पसरू द्या, आहे ती उपटू नका, वाळू तीच धरते. तिच्या मागे केवडा, त्यामागे उंडी. उंडी खाऱ्या वाऱ्यात वाढलेली असली की तिचं खोडही पाहण्यासारखं वाकतं, फक्त तिला वीस-तीस वर्षं द्यावी लागतात. लागवड जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर करा. तिथे शरद, इथे मृग.

फळांसाठी एखादं जुनं, टाकाऊ पातेलं घ्या, राळ चिकटली की निघत नाही. पंधरा-वीस मिनिटं खळखळून उकळा, मग कचऱ्यात टाका. स्वयंपाकघराला दोन दिवस त्या वाळूच्या टेकडीचा वास येईल.